पेन प्लॉटर: ऊनोच्या जोडीला ईएसपी३२ आला

प्लॉटर (पेन धरून कागदावर चित्र काढणारं यंत्र) आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर नीट चालत होता पण दरवेळी लॅपटॉपला केबल लावून बसायचा कंटाळा यायला लागला, म्हणून शेवटी ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड जोडला. मोटरी ऊनोच फिरवणार, ईएसपी वायफायवरून ड्रॉइंगची फाइल घेणार आणि त्यातली एकेक ओळ ऊनोला देणार. सगळंच ईएसपीवर का नाही हलवलं? मोटरींचा कोड इतक्या खटपटीनंतर जमलाय की त्याला आता हात लावायची हिंमत नाही, बाकी काही कारण नाही.

दोन बोर्डांमध्ये वायरी तीनच: जाणारी, येणारी आणि ग्राउंड. ऊनो ५ व्होल्टचा, ईएसपी ३.३ चा, त्यामुळे ऊनोच्या टीएक्सवर (डेटा पाठवणारी पिन) १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज उतरवणारा डिव्हायडर टाकला. उलट दिशेला काही लागत नाही, ऊनो ३ व्होल्टच्या वरचा सिग्नल हाय (म्हणजे १) धरतो, म्हणजे काठावर का होईना पण चालतं. ग्राउंड कॉमन करायचं विसरलो आणि अर्धा तास स्क्रीनवर कचरा बघत बसलो, ते जाऊ दे. ईएसपीला पॉवर मात्र ऊनोच्या ३.३ पिनवरून देऊ नका, ती पिन ५० मिलिअँपची, वायफाय चालू झालं की ईएसपी मान टाकतो.

मग पहिलं वर्तुळ काढायला दिलं. पाव भाग झकास आला आणि तिथून पेन थेट पलीकडच्या टोकाला, पट्टी ठेवून रेघ मारावी तसं! मी बेल्ट तपासला, मोटरींचे ड्रायव्हर तपासले, सगळं ठीक. घोळ असा की ऊनोचा सिरीयल बफर (आलेला डेटा वाचेपर्यंत ठेवायची जागा) ६४ बाइटचा, माझी एक ओळ साधारण २० बाइटची, मोटरी आपल्या निवांत फिरतायत आणि ईएसपी धडाधड ओळी ओततोय, म्हणजे तीन ओळी मावल्या आणि पुढच्या सांडल्या. आता ऊनो ओळ पूर्ण करून 'ओके' म्हणतो, मगच पुढची जाते. वर्तुळ आता बंद होतं.

दुसरा घोळ याहून भारी. पेन कुठे आहे ते ऊनो स्ट्रक्टमधून (एक्स-वायचे आकडे एकत्र बांधून) परत पाठवतो, पेन १००, १०० वर होतं आणि ईएसपी दाखवतोय एक्स ६५५३७००, वाय शून्य. आकडा ६५५३६ ने भागून बघितला तेव्हा ट्यूब पेटली: ऊनोवर इंट (पूर्णांक) २ बाइटचा, ईएसपीवर ४ चा, दोन्ही आकडे एकाच एक्समध्ये जाऊन बसलेले. दोन्हीकडे इंट१६_टी (कुठेही २ बाइटचाच) केलं, मिटलं.

राहिलंय ते असं की मध्येच वायफाय गेलं तर ऊनो बिचारा पुढच्या ओळीची वाट बघत पेन टेकवून उभा राहतो, काल कागदावर शाईचा हा एवढा डाग पडला. २ सेकंदांत ओळ आली नाही तर सर्वोने (पेन वर-खाली करणारी छोटी मोटर) पेन उचलायचं, एवढं आज रात्री टाकतो.