मोदकाच्या कळ्या आणि फ्रिजमधला खोका

परवा ओपीडीत नंबरची वाट बघत बसले होते तर शेजारची कॉलेजची मुलगी विचारते, "ताई, सोरायसिसवरचं ते इंजेक्शन खूप दुखतं का हो?" मी म्हटलं अगं थोडं झोंबतं, मांडीची कातडी चिमटीत धरायची, इंजेक्शनचं पेन टेकवायचं, टक् आवाज येतो, दहा सेकंद मोजायचे, झालं. पण घरी येताना रिक्षात वाटलं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं.

माझा सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवले धरणारा आजार, २०१६ पासूनचा. आधी डोक्यात, सगळे कोंडाच म्हणायचे, मग कोपर, गुडघे. काळा ड्रेस घालणं बंद झालं, बसमध्ये शेजारची बाई पदर आवरून बसायला लागली, आणि लागण होत नाही हो हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की झोपेतही बोलत असेन. कारल्याचा रस, वांगं बंद, सगळं करून झालं. गंमत म्हणजे अंगठ्याच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, ते मी नेलपॉलिशखाली झाकत होते, ते डॉक्टरांना दाखवायचं असतं हे कुणाला माहीत!

२०१९ ला गणपतीत देवगडला मोदक करायला बसले आणि उजव्या हाताचं मधलं बोट वळेचना. नुसता सांधा नाही, अख्खं बोट सुजून टम्म. एकाही मोदकाला धड कळ्या येईनात. सासूबाई म्हणाल्या, "अगो, बोट कित्याक सुजलाहा?" चकली चेपताना लागलं असेल म्हणून मी वेळ मारून नेली. पुण्याला आल्यावर रक्त तपासलं, आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही म्हणे, जा घरी. सोरियाटिक आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवातात, तो बहुतेकदा निगेटिव्हच येतो हे मला दोन वर्षांनी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, गेल्यावर कळलं, आणि त्यांनी आधी काय बघितलं तर नखं!

आधी मेथोट्रेक्सेट नावाचं औषध आठवड्यातून एकदा, दुसऱ्या दिवशी दिवसभर मळमळ, आणि बोट तसंच. मग बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींमध्ये बनवलेलं इंजेक्शनचं औषध. माझं अ‍ॅडॅलिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. शरीरातला टीएनएफ नावाचा सूज पेटवणारा पदार्थ ते अडवतं. पण तोच टीएनएफ टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही लागतो, त्यामुळे आधी टीबी गोल्ड ही रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे, कावीळ बी-सी, एचआयव्ही सगळं तपासतात. माझी टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली आणि मी घरी येऊन रडले. एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे जंतू नुसते झोपलेले, पण सहा महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध घ्यावं लागलं आणि इंजेक्शन त्यातला पहिला महिना उलटल्यावर सुरू झालं.

पैशांचं बोलायलाच हवं. माझ्या इंजेक्शनची पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीने बनवलेली आवृत्ती, २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने आणली, आता बऱ्याच कंपन्यांची मिळते, तरी महिन्याचा खर्च आमच्या स्कूटीच्या हप्त्याला मागे टाकतो. मेडिक्लेमवाले म्हणाले तुम्ही अ‍ॅडमिट कुठे होता, घरी टोचून घेता, नामंजूर.

आणि फ्रिज! २ ते ८ डिग्री. एकदा मी खोका मागच्या भिंतीला चिकटवून ठेवला, आतलं पेन गोठलं. गोठलेलं वितळवूनही चालत नाही, फेकायचं. त्या दिवशी जेवलेच नाही. आता खोका मधल्या कप्प्यात, दह्याच्या भांड्याशेजारी असतो, पोरं बर्फ शोधतानाही त्याला हात लावत नाहीत. देवगडला जाताना जेल पॅक टाकलेला आईसबॉक्स मांडीवर घेऊन बसते, आणि तिकडे लाईट गेली की आधी फ्रिज कुणी उघडू नका म्हणून ओरडते.

तिसऱ्या महिन्यात कोपरं साफ झाली, बोटाची सूज उतरली. टोकाचा सांधा मात्र वाकलेलाच राहिला, उशीर झाला म्हणाले डॉक्टर. ताप असेल तेव्हा डोस पुढे ढकलायचा, लस कुठलीही घ्यायची तर आधी विचारायचं, एवढं पाळते.

आता डॉक्टर म्हणतायत सगळं शांत आहे, पंधराऐवजी एकवीस दिवसांनी घेऊन बघूया. पैसे वाचतील, कळतं मला. पण मी म्हटलं, गणपती होऊ द्या, मग बघू.