बोअरचा दोर

गेल्या आठवड्यात सोलापूरकडच्या मंद्रूपजवळ एका बोअरमधली मोटार काढायला गेलो होतो. मोटारीला आधाराला सोडलेला दोर केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या पाईपच्या, तोंडाशी बांधला होता. हात लावला तर तळहाताला भुगा लागला, चिमटीत धरून ओढलं तर पीळच तुटला. पाईप धड होते म्हणून मोटार वर आली. पाण्यातला दोर मात्र कालच दुकानातून आणल्यासारखा निळाशार!

२२ वर्षं मोटारी काढतोय-सोडतोय, तरी हे बघितलं की जीव चरकतो. मालकाचं वर्षाचं पीक त्या दोरावर लटकलेलं असतं.

माझे आजोबा मोट हाकायचे. मोट ओढायचा दोर, म्हणजे नाडा, अंबाडीचा, घरी वळलेला. अंबाडी कापून ओढ्यात भिजत घालायची, सोलायची, निघालेला वाख, म्हणजे धागे, वाळवायचा, मग पीळ घालायचा. मोट सुटली की नाडा उन्हात पसरायचे, कारण ओला राहिला की कुजायचा. आमच्या या प्लास्टिकच्या दोराचं नेमकं उलटं. त्याला पाणी काही करत नाही, ऊन खातं. आणि सोलापूरचं ऊन!

आपण सरसकट ‘नायलॉन’ म्हणतो, पण बाजारातला हा स्वस्त दोर बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचा असतो. तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, नायलॉन बुडतं. नायलॉन आधीचं, १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत कॅरोदर्स यांनी बनवलेलं. तेव्हा जहाजांवर मनिला दोर चालायचा, त्याचा वाख फिलिपिन्समधल्या केळीसारख्या झाडाचा. १९४२ मध्ये जपानने तो मुलूख घेतला, वाख मिळेना, आणि लष्कराने नायलॉनचे दोर धरले. पॉलिप्रोपिलीन १९५४ चं, इटलीच्या नात्ता यांचं. हलकं, स्वस्त, न कुजणारं, म्हणून ते गोठ्यापासून बोअरपर्यंत पोचलं.

गाठीचं मात्र जपावं लागतं. अंबाडीची गाठ भिजली की फुगून आवळायची. हा गुळगुळीत दोर गाठीतून सरकतो. मी एक गाठ जास्तीची मारतो, शेपूट वीतभर सोडतो आणि टोक काडीने वितळवतो.

मंद्रूपला नवा दोर घातला. वरचा दोन हात भाग सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये ओवून मगच बांधला, म्हणजे ऊन थेट लागत नाही. तुमच्या बोअरवर जाल तेव्हा तोंडाशी असलेला दोर बोटांनी कुस्करून बघा. भुगा निघाला तर त्याच दिवशी बदला.