भोकं पडलेली ती फळी भंगारात देऊ नका

ठाण्यातल्या जुन्या घरांची आवराआवर निघाली की माळ्यावरून कधी कधी भोकांची लाकडी फळी निघते. ती नेमबाजाची काडतुसं उभी ठेवायची फळी असू शकते, पण ड्रिल बिटांचा स्टँड समजून भंगारात जाते. आधी भोकांचं माप घ्या, व्हर्नियरनेच (बारीक माप घेणारं उपकरण). पट्टीने फसगत होते. बिटांच्या स्टँडमध्ये प्रत्येक भोक वेगळ्या मापाचं असतं. नेमबाजीच्या फळीत सगळी एकसारखी आणि बहुधा दहा-दहाच्या रांगांत, एकूण ५०. पॉइंट टू टू (.२२), म्हणजे नेमबाजीच्या लहान बोअरच्या बंदुकीच्या, काडतुसाचं अंग सुमारे ५.७ मिमी, मागची कड ७ मिमी. म्हणून भोक ६ मिमीच्या आसपास असेल तर काडतूस शिशाचं टोक खाली करून, कडेवर टेकून राहतं. ७ मिमीहून मोठं असेल तर कड खाली. भोकात कापूस फिरवा, ग्रीसचा काळपट चिकटा आला तर शक्यता आणखी वाढली.

सोबत लाकडी गोळा किंवा छत्रीच्या आकाराचा तुकडा आणि त्यात आटे पाडलेला धातूचा दांडा निघाला? तो पाम रेस्ट. उभ्याने रायफल धरताना डाव्या तळव्यावर टेकणारा. दांडा वर-खाली होतो, म्हणून कपाटाची मूठ वाटली तरी ती नव्हे.

अक्रोडाच्या पिस्तूल-मुठीला आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. पॉलिश पेपर अजिबात नको, तळव्यासाठी कोरलेला खडबडीतपणा जातो. कोरडा ब्रश, मग जवसाच्या तेलाचे दोन थेंब, बस्स.

फळीत जिवंत काडतूस सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.