पदवी सहा महिने आधी: डिसेंबरनंतर काय करणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या नियमांनुसार तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत आणि चार वर्षांची आठऐवजी सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करता येते. हुशार मुलांना हे फार आकर्षक वाटतं. पण अर्ज करण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. क्रेडिट (शिकण्याच्या तासांवरून ठरणारं अभ्यासाचं माप) एकही कमी होत नाही, तेवढीच क्रेडिट कमी सत्रांत बसवायची असतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात. 132 धरली तर सत्राला 22. पहिल्या सत्रानंतर निर्णय घेतला तर उरलेली 110 क्रेडिट चार सत्रांत, म्हणजे दर सत्राला 27-28. दुसऱ्या सत्रानंतर घेतला तर 88 क्रेडिट तीन सत्रांत, म्हणजे 29-30. त्यापुढे हा पर्यायच मिळत नाही. शिवाय मंजूर जागांच्या जास्तीत जास्त 10 टक्केच मुलांना कॉलेज ही मुभा देऊ शकतं. 120 च्या वर्गात फार तर बाराजण.

आता तास बघा. 15 आठवड्यांच्या सत्रात थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास आणि प्रॅक्टिकलचं एक म्हणजे दोन तास. 22 क्रेडिटमध्ये 6 प्रॅक्टिकलची असतील तर आठवड्याला 28 तास होतात. 30 क्रेडिटमध्ये 8 प्रॅक्टिकलची असतील तर 38. यात जर्नल लिहिणं, सबमिशन, अंतर्गत परीक्षा आणि लोकलचा प्रवास धरलेला नाही.

तरीही मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेळापत्रकाची. विषम सत्रांचे विषय जून-जुलैपासून शिकवतात, सम सत्रांचे डिसेंबर-जानेवारीपासून. पाचव्या सत्रात सुटायचं तर सहाव्याचे विषय त्याआधी कधीतरी करायला हवेत. दुसऱ्या सत्रानंतर ठरवलेल्या मुलाच्या वाट्याला मग एकच सम सत्र उरतं, ते म्हणजे चौथं. चौथ्याची स्वतःची 22 आणि सहाव्याची 22 मिळून 44 क्रेडिट! कागदावरची 29-30 ची सरासरी इथे कोसळते. त्यात सहाव्या सत्राचा विषय पाचव्याच्या पायावर उभा असतो, आणि तो पाया अजून घातलेलाच नसतो. केमिस्ट्रीच्या एस.वाय.च्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलाची मंगळवारी दुपारी प्रॅक्टिकलची बॅच असेल आणि टी.वाय.ची (तिसऱ्या वर्षाची) बॅचही त्याच वेळी असेल, तर एक जर्नल सर्टिफाय होणारच नाही.

म्हणून विभागप्रमुखांना पहिला प्रश्न हाच विचारा: सहाव्या सत्राचे कोणते विषय विषम सत्रात मिळतील? उत्तर लेखी घ्या. काही भार स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सने हलका होतो, पण कोणता कोर्स कोणत्या विषयाऐवजी आणि किती क्रेडिटला धरणार, हे नाव नोंदवण्याआधी ठरलेलं हवं. स्वयमचा निकाल उशिरा लागला तर सगळं गणित अडतं. ऑन जॉब ट्रेनिंगचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. चार क्रेडिटचे 120 तास उन्हाळ्याच्या सुट्टीत करू देतील का, हेही विचारा. आणि पाचव्या सत्रात एक केटी लागली, म्हणजे एका विषयात नापास झालात, तरी वाचवलेले सहा महिने बहुधा गेलेच.

मग हा ताण घेण्यासारखा आहे का? माझं मत असं: जानेवारीत तुमच्यासाठी एखादं दार खरोखर उघडणार असेल तरच. एम.ए., एम.एस्सी.चे प्रवेश जून-जुलैच्या आसपास होतात, परदेशातलं मुख्य सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाची मुलंही बसतात आणि वयाची किमान अट 21 वर्षांची आहे, त्यामुळे साडेविसाव्या वर्षी पदवी हातात असून तिथे काहीच वाढत नाही. फायदा होतो तो अर्ज भरतानाच निकाल मागणाऱ्या भरतीत. सरकारी बँकांमधल्या अधिकारी भरतीची आयबीपीएसची पीओ परीक्षा तशी आहे, किमान वय 20. जूनच्या बॅचचा निकाल लांबला की तिथे मुलं अडकतात. घरच्या अडचणीमुळे लवकर कमावायला लागणं गरजेचं असेल आणि नोकरीचं पत्र हातात असेल, तर मात्र जरूर करा.

चार वर्षांचा अभ्यासक्रम सहा सत्रांत केला तर अख्खं वर्ष वाचतं आणि मे-जूनमध्ये बाहेर पडता येतं, पण 176 क्रेडिट असतील तर पहिल्या सत्रानंतर दर सत्राला जवळपास 31 येतात. ज्यांना पहिल्या सत्रात 22 क्रेडिट सांभाळतानाच रात्री जागाव्या लागल्या, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

कमी काळात पूर्ण केलेली पदवी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे. गुणपत्रिकेवर तशी नोंद असते. पण परीक्षा विभागात जाऊन एक गोष्ट आधीच विचारा: डिसेंबरमध्ये संपवणाऱ्याला एकत्रित गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र लगेच देतात, की उन्हाळ्याच्या बॅचबरोबर?