खांबापाशी बसणारी आजी

संक्रांत झाली की पहिल्या रविवारी आमच्या गावच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात व्हायचं. गाव बेळगाव तालुक्यातलं. मराठी घरं जास्त, मध्येमध्ये कानडी घरं, आणि नळावरची भांडणं दोन्ही भाषांत. तिळगूळ, उखाणे, वाणाची प्लास्टिकची चाळण हे सगळं उरकलं की ‘थोर स्त्रिया’. मंडळाच्या अक्कांचा हा लाडका भाग. प्रत्येक मुलीनं एक थोर बाई पाठ करून यायचं आणि पाच मिनिटं बोलायचं. जन्म, लग्न, पराक्रम, मृत्यू. मृत्यूचं साल सांगितलं की बायका टाळ्या वाजवायच्या.

झाशीच्या राणीवरून दरवर्षी रडारड. लाकडी तलवार एकच होती आणि ती सरपंचांच्या नातीकडे. अहिल्याबाईंना पांढरी साडी आणि हातात पिंड लागायची. पिंड म्हणून आम्ही पाटा-वरवंट्यातला वरवंटा न्यायचो. काकती आमच्यापासून एवढी जवळ, पण कित्तूरची चन्नम्मा तिथली लेक, हे आम्हाला कळलं ते मराठी पुस्तकातून नव्हे, कानडी शाळेत जाणाऱ्या मैत्रिणीकडून. १८२४ साली तिच्या फौजेनं धारवाडच्या कलेक्टर थॅकरेला मारलं, म्हणजे झाशीच्या तेहतीस वर्षं आधी, हे ऐकून तलवारवाल्या नातीचं तोंड पडलेलं अजून आठवतं.

एका वर्षी मला गंगूबाई हनगल आल्या. जन्म १९१३, धारवाड. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या, पण लेकीचा कान हिंदुस्थानीकडे वळला म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं. लेक हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जायची. सगळं घडाघडा म्हटलं आणि शेवटाला अडकले. बाई जिवंत होत्या! टाळ्या कधी वाजवायच्या हे कुणालाच कळेना. मागून कुणीतरी म्हणालं, “मेली न्हाई तर थोर कशी गे?”

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. एका मुलीनं बेळवडीच्या सावित्रीबाई देसाईंची गोष्ट सांगितली. महाराजांची फौज कर्नाटकातून परतताना सावित्रीबाई गढी लढवत राहिल्या, सत्तावीस दिवस. त्यानंतर माझी कानडी मैत्रीण उठली आणि मल्लम्मा सांगू लागली. तीच बेळवडी, तेच सत्तावीस दिवस. नवरा लढाईत पडला तरी बाई मागं हटली नाही. धारवाडजवळच्या यादवाडच्या मारुतीपाशी कोरीव दगड आहे, त्याच्यावर महाराज आणि मल्लम्मा आहेत, हेही तिनं सांगितलं. मांडवात कुजबुज वाढली. शेवटी अक्काच म्हणाल्या, “एकच की गे ती! आपल्याकडं सावित्री, त्यांच्याकडं मल्लम्मा.” बायका हसल्या. दोघींना एकच वाण मिळालं, यावरून नंतर थोडं रुसणंही झालं.

आजी हे सगळं मांडवाच्या खांबापाशी बसून ऐकायची. माझे आजोबा लवकर गेले. त्यामुळे हळदीकुंकवाच्या वेळी ती घरीच असायची. भाषणं सुरू झाली की डोक्यावरून पदर घेऊन यायची आणि त्या एका खांबाला टेकायची. तिला कुणी तिळगूळ द्यायचं, कुणी विसरायचं. त्या रात्री चुलीपुढं बसून तिनं मला विचारलं, “ती अहिल्या, तिचा नवरा कधी गेला?”

“१७५४ साली. कुंभेरच्या वेढ्यात.”

“आन् झाशीवालीचा?”

“१८५३.”

“कित्तूरवालीचा?”

“तोसुद्धा लढाईच्या आधीच गेलेला.”

आजीनं लाकूड आत सारलं. “म्हंजे तुमच्या स्टेजवरच्या निम्म्या बायका खांबापाशी बसायच्या लायकीच्या. त्यांस्नी कुकू लावलं असतं काय गे तुमच्या मंडळानं?”

मी हे अक्कांना सांगितलं नाही. धीर झाला नाही, खरं सांगायचं तर. पण पुढच्या वर्षी बाई मीच निवडली : उमाबाई कुंदापूर. १९२४ साली बेळगावात टिळकवाडीला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यात शाळकरी गंगूबाईंनी स्वागतगीत गायलं होतं, आणि उमाबाईंनी दीडशेवर स्वयंसेविका उभ्या केल्या होत्या. उमाबाईंचे पती आदल्याच वर्षी गेलेले. घराच्या कोपऱ्यात बसवलेल्या विधवांनाही त्यांनी बाहेर काढलं. ‘विधवा’ हा शब्द मी जरा जोरातच म्हटला, कर्णा किरकिरला.

मांडव गप्प. मग अक्का उठल्या, तिळगुळाचा डबा घेऊन थेट खांबापाशी गेल्या. कुंकवाचा करंडा मात्र तिथंच पाटावर राहिला.

आजीनं तिळगूळ घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, “गूळ कमी पडलाय की गे.”