थैलीतले दोन दगड

गुरुवार, रात्री

सकाळच्या मननाला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 25वा अध्याय होता. त्यातल्या 13व्या वचनापाशी अडले ती दिवसभर तिथेच आहे. तुझ्या थैलीत एक मोठं आणि एक लहान, अशी दोन प्रकारची वजनं नसावीत, एवढंच ते सांगतं.

त्या काळी वजनं दगडाची असत. यहूदाच्या प्रदेशात उत्खननात चुनखडीची अशी बरीच वजनं सापडली आहेत, वरून घुमटासारखी गोल, खाली सपाट. शेकेल हे तिथलं वजनाचं माप, एक शेकेल म्हणजे साधारण 11.3 ग्रॅम. चिमटीत धरता येईल एवढासा दगड. त्याचा तळ जरासा घासला तर समोरच्याच्या लक्षातही यायचं नाही. माल घेताना जड दगड तागडीत टाकायचा, देताना हलका. तोंडातून एकही खोटा शब्द न काढता माणूस लुबाडला जातो. म्हणूनच बहुधा ही आज्ञा बोलण्याविषयी काही म्हणत नाही. ती थेट थैलीत हात घालते. आणि असे दगड वापरू नका एवढ्यावरही ती थांबत नाही. ते जवळच बाळगू नका, आणि पुढच्याच वचनात, दोन प्रकारची मापं घरातही ठेवू नका, असं सांगते. जवळ असले की एखाद्या दिवशी हात जाणारच.

आपल्या थैलीतले दगड ओळखायला अवघड आहेत. जो उलटून बोलू शकतो त्याचा हिशेब चोख ठेवायचा आणि जो बोलू शकत नाही त्याला ‘बघू नंतर’ म्हणायचं, हे दोन दगडच झाले. लेवीय 19:13 मला म्हणूनच फार टोचतं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. मजुरी बुडवणाऱ्याबद्दल बोलणं सोपं आहे, त्याला सगळेच नावं ठेवतात. इथे देणारा माणूस पैसे देणार आहे, फक्त उद्या देणार आहे, आणि तरीही परमेश्वर त्याला अडवतो. अनुवाद 24:15 मध्ये कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. बिल पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहणारी माणसं मला माहीत आहेत. पुन्हा फोन केला तर पुढचं काम मिळणार नाही, या भीतीनं ती गप्प बसतात. पैसे अडकवून ठेवणारे मात्र स्वतःला प्रामाणिकच समजतात, कारण शेवटी पै न पै चुकती केलेली असते. याकोब 5:4 म्हणतं, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. तो आवाज प्रभूच्या कानी जातो हे आपण खरं मानत असू, तर महिन्याची देणी प्रार्थनेच्या आधी निपटली पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकणाऱ्याच्या लबाडीवर उपदेश पुष्कळ होतात. घेणाऱ्याविषयी कोणी फारसं बोलत नाही. नीतिसूत्रे 20:14 मध्ये तो अगदी हुबेहूब उभा आहे: वस्तू घेताना ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणतो आणि निघून गेल्यावर फुशारकी मारतो.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांचं इथे लिहून ठेवायला हवं. एक बाई आपल्या दिवंगत नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं विकत होत्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून सगळी पेटी भंगाराच्या भावात सांगितली. काकांनी हत्यारं एकेक करून टेबलावर मांडली. रंध्याचं पातं बाहेर काढून उजेडात धरलं, पटाशांच्या मुठी फिरवून पाहिल्या आणि प्रत्येक वस्तूपुढे कागदावर तिचा खरा भाव लिहिला. बेरीज बाईंनी सांगितलेल्या रकमेच्या कितीतरी पट झाली. “एवढे आज माझ्याजवळ नाहीत,” ते म्हणाले, “मी हा रंधा तेवढा घेतो. बाकीचं या भावाच्या खाली कुणाला देऊ नका.” कागद त्यांनी बाईंच्या हातात दिला. पेटी त्यांना हवी होती, हे बघणाऱ्याला सरळ दिसत होतं.

मंडळीच्या पैशांबद्दलही हल्ली मनात येतं. आपण विश्वासातली माणसं, हिशेब कसला मागायचा, असं कुणी म्हटलं की मला प्रेषित पौल आठवतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 8व्या अध्यायात, तो वर्गणी एकटा नेत नाही. मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतो. प्रभूच्या दृष्टीनं योग्य तेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनंही योग्य ते करायची आमची काळजी आहे, असं तो सांगतो. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्यातून जायला हवी.

संध्याकाळी जकातदार जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचली, लूक 19. फसवून घेतलेलं परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा द्यावा, असं लेवीय 6 मध्ये आहे. चौपट भरपाई निर्गम 22 मध्ये येते, मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी किंवा विकणाऱ्यासाठी. जक्कय चौपट परत देईन म्हणतो, म्हणजे स्वतःच चोराचा दंड पत्करतो. वर निम्मी मालमत्ता गरिबांना देतो. येशूनं त्याच्याकडे एक नाणंही मागितलेलं नव्हतं. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’, एवढंच त्याला म्हटलं होतं. आधी प्रभू घरी आला, मग वह्या उघडल्या. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. व्यवहार स्वच्छ करून कोणी कृपा कमावत नाही. कृपा मिळालेल्या माणसाला मळका व्यवहार सोसवत नाही.

मागे बायबल अभ्यासात एकानं विचारलं होतं, ज्याचं घेतलं तो माणूसच आता सापडत नसेल तर? तेव्हा कुणालाच उत्तर देता आलं नव्हतं. गणना 5:8 मध्ये ते आहे. ज्याचा अपराध केला त्याचा जवळचा नातलगही उरला नसेल, तर भरपाई परमेश्वराला द्यायची, ती याजकाकडे जाते. म्हणजे घेणारा उरला नाही म्हणून देणं फिटत नाही. पुढच्या बैठकीत हे वचन त्यांना दाखवायचं आहे, आणि आजच्या काळात ती रक्कम नेमकी कुणाकडे जावी, हेही सगळ्यांनी मिळून बोलायला हवं.