आमची वाटचाल : काचेच्या दुकानातून माशांच्या हिशेबापर्यंत

बेळगावच्या शहापुरातलं आमचं दुकान मुळात काचेचं. बाबा खिडक्यांची तावदानं कापायचे, देवाच्या तसबिरी फ्रेम करून द्यायचे. सिलिकॉनने काचेला काच जोडून फिश टँक करता येतो हे त्यांनी हाताने करून बघितलं आणि त्या कामाने दुकानाची दिशाच बदलली. तेव्हा आम्ही नुसता टँक द्यायचो, मासे गिऱ्हाईक कुठूनतरी आणायचं. मी धंद्यात आल्यावर मासेही ठेवले. चेन्नईच्या कोळत्तूरचा माल, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत आणि थर्माकोलच्या पेट्यांत. पेटी उघडून पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची आणि आतलं-बाहेरचं पाणी एका उष्णतेला येईपर्यंत वाट बघायची, हे काम मी अजून दुसऱ्या कुणाला देत नाही.

पण आमचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला लागल्यावर. दोन फुटी टँकमध्ये मासे किती बसतील?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणून टँक साडेछप्पन लिटरचा. त्यातून वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा, हातात उरतं पंचेचाळीस लिटरच्या आसपास. एक जुना ठोकताळा सगळीकडे सांगतात : अमेरिकन गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, एक इंच मासा. त्या हिशेबाने आपल्या टँकमध्ये बारा इंच मासा बसतो. दीड इंची निऑन टेट्रा घेतले तर आठ झाले, आणि हे उत्तर बरोबरही आहे. आता तोच ठोकताळा ऑस्करला लावा. पूर्ण वाढलेला ऑस्कर बारा इंचांचा, म्हणजे हिशेबाने एक ऑस्कर बसायला हवा. टँकची रुंदीच बारा इंच! त्याला धड वळताही येणार नाही.

ठोकताळा इथेच का मोडतो हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं. तो खातो वजनाच्या मानाने, घाणही करतो वजनाच्या मानाने. म्हणून इंचाचं गणित फक्त दोन-तीन इंचांच्या लहान माशांपुरतं वापरायचं. आणि इंच मोजायचे ते पूर्ण वाढीचे, पिशवीतून घरी नेताना दिसतात ते नव्हेत. काच साफ करेल म्हणून लोक बोटाएवढा सकर मागतात. तो वाढून फूटभराच्या पुढे जातो. दोन फुटी टँकसाठी आम्ही सकर विकतच नाही.

काचेतून जे दिसत नाही तेच खरी मर्यादा ठरवतं. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्या मानाने निरुपद्रवी असं नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या खेपेला आम्ही तीन-चारच मासे देतो. मुलं हट्ट करतात, “मामा, आणि दोन घाला की!” त्यांना मी पुढच्या महिन्यात बोलावतो. ती येतात आणि तोवर त्यांचे मासे जगलेलेही असतात.

काचकामातून आल्यामुळे एक गोष्ट आम्हाला लवकर उमगली. मासे किती जगतील हे टँकच्या आकारावरही असतं. तोच दोन घनफुटांचा टँक हॉलच्या कोपऱ्यासाठी उभा करून मागतात : एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट उंच. पाणी तेवढंच, पण हवेला टेकणारा पृष्ठभाग दोन चौरस फुटांवरून एकावर येतो, आणि पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागावरूनच. एअर पंपचे बुडबुडेसुद्धा मुख्यतः वरचं पाणी हलवूनच काम करतात. उभा टँक हवाच असेल तर आम्ही करून देतो, मासे मात्र कमी सांगतो. शिवाय ऊन वाढलं की पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी : समुद्रसपाटीला 20 अंशांवर लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांवर साडेसात. बेळगाव उंचावर, त्यामुळे आपल्याकडे आणखी थोडा कमी. मे महिन्यात वळीव आला, लाईट गेली, पंप बंद पडला, की भरगच्च टँक आधी मरतो. त्या रात्रीचा विचार करूनच आम्ही आकडा सांगतो.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश मागणारे पुष्कळ येतात. श्रद्धा त्यांची, तिचा मला आदर आहे. पण गोल्डफिश सहा-आठ इंच वाढतो आणि घाण भरपूर करतो. नऊ गोल्डफिश घरच्या टँकचं काम नव्हे. त्यावर मी शोधलेला मार्ग आता आमची ओळख झाला आहे. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँक. त्यात आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळा मॉली. प्लॅटी दोन इंचांचे, मॉली तीनचा, बेरीज एकोणीस. टँकची ऐपत बावीसची. सगळे नर द्यायचे, नाहीतर दर महिन्याला पिल्लं होतात आणि हिशेब बिघडतो.

चिकोडी-अथणीकडून येणाऱ्यांच्या घरी बहुधा बोअरचं जड पाणी असतं. प्लॅटी-मॉलीला ते मानवतं, निऑनला नाही. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी हलकं, तिथे टेट्रा छान राहतात. शहरात राकसकोप किंवा हिडकलचं पाणी नळाला येतं, त्यातली क्लोरीन आधी मारावी लागते.

मासे कमी विकून दुकान कसं चालतं, असं व्यापारी मित्र विचारतात. ज्यांचे मासे जगतात ती माणसं पुढे मोठा टँक घ्यायला आमच्याकडेच येतात, फिल्टर-खाद्य इथूनच नेतात, आणि निपाणीच्या पाहुण्यांनाही घेऊन येतात. हा सगळा हिशेब आता मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून दुकानाच्या भिंतीवर लावला आहे.

येताना टँकची लांबी, रुंदी, उंची मोजून आणा आणि घरचं पाणी एका बाटलीत भरून आणा. पाणी आम्ही तिथेच तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.